सरळ वाजणारी शिट्टी

खोकला वाढदिवसाच्या आधी सुरू झाला की नंतर, यावरून सकाळपासून चौथ्यांदा वाद पेटला होता, आणि तोही डॉक्टरीणबाईंच्या समोर.

"आधी," आजी ठामपणे म्हणाली. "मी हिची छाती शेकत होते ना, तेव्हा फुगेसुद्धा फुगवलेले नव्हते."

"आई, ते पहिलं दुखणं. ती सर्दी होती, ती बरी झाली," सून म्हणाली. "हा खोकला नंतरचा."

"नंतरचा कसा? वाढदिवसाच्या फोटोत ही खोकतेय."

"फोटोत खोकला दिसतो होय?" धाकटा, सुनेचा नवरा, म्हणाला.

"तोंड उघडं आहे तिचं."

"अगं, ती हसतेय!"

डॉक्टरीणबाईंनी कागदावरची तारीख खोडली. त्या आधीही दोन तारखा खोडलेल्या होत्या. त्यांचं चुकलं असं नाही. या घरातल्या पाच माणसांना एकाच दिवसाचे पाच दिवस करून सांगायची सवय आहे, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो.

ज्या पोरीवरून हे चाललं होतं, ती सुनेच्या मांडीवर, तोंडावर वाफेचा मास्क धरलेला, दमून डोळे अर्धे मिटून पडली होती. तेरा महिन्यांची. घरात तिला पिपाणी म्हणत. तीन आठवड्यांची असल्यापासून ती श्वास घेताना बारीक चिरका आवाज करायची. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्राच्या वरचा भाग अजून लुसलुशीत आहे, श्वास घेताना तो आत ओढला जातो आणि वाजतो; मूल वाढलं की आपोआप जाईल. सुनेने ते ऐकून महिनाभर झोप सोडली. बाकीच्यांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. कारण आजोबा लहानपणी असेच वाजायचे, धाकटाही असाच वाजायचा. घरात तीन पिढ्या शिट्ट्या बनवण्याचा कारखाना, आणि पोरं जन्मताच वाजतात! आजी तर पाहुण्यांना पाळण्याशी नेऊन ऐकवायची. "घराण्याचा आवाज आहे," म्हणायची. 'पिपाणी' हे नाव सुनेला पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, पण तिला विचारलं होतं कुणी?

"नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वास घेतानाचा आवाज जुना आहे, त्याची मला काळजी नाही. हिला आता श्वास सोडताना आवाज येतोय, आणि तो उजव्या बाजूला. उजव्या फुप्फुसात हवा जाते, पण धड बाहेर येत नाही. तीन आठवडे औषधं चाललीत, जरा बरं वाटतं आणि परत तेच. काल तापही आला."

"म्हणजे दमा?" धाकट्याने विचारलं. "आधीच्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला होता."

"असू शकेल. चिकट कफाचा बोळा अडकला असेल. किंवा काहीतरी गिळताना श्वासनळीत गेलं असेल."

"काही गेलं असतं तर छातीच्या एक्स-रेत दिसलं असतं ना?"

"धातू असता तर दिसला असता. शेंगेचा दाणा, लाकडाचा तुकडा, प्लॅस्टिक, यातलं काही दिसत नाही. आत नळी घालून बघावं लागतं, त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. हिची वरची नळी आधीच नाजूक. त्यामुळे नुसती शंका आली म्हणून मला भूल द्यायची नाहीये. पण काही गेलं असेल, तर थांबायचंही नाहीये." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते. "लहान मुलांचे भूलतज्ज्ञ चार वाजेपर्यंत आहेत, मग सोमवारीच येतील. मला एकच गोष्ट सांगा. या महिन्यात ही कधी एकदम ठसकली होती? खोकून खोकून लाल, निळी झाली, असं? आठवा. हे ऐकण्यासाठीच मी थांबलेय."

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही, धाकटा म्हणाला. नाही हो, आजी म्हणाली. सुनेने मान हलवली. आत्या म्हणाली, "तसं काही नाही." आजोबा काहीच बोलले नाहीत, पण ते कधीच बोलत नसत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"घरात बारीकसारीक वस्तू?"

"आमचा कारखाना घराच्या खालीच आहे, शिट्ट्यांचा," धाकटा म्हणाला. "पण तिथलं काही वर येत नाही. जिन्यापाशी अ‍ॅप्रन काढून झटकायचे हा बाबांच्या वडिलांपासूनचा नियम आहे. घरात एकच शिट्टी आहे, हिला वाढदिवसाला दिलेली. आमच्याकडे प्रत्येक मुलाला पहिल्या वाढदिवसाला देतात. बाबा स्वतः करतात. तीसुद्धा बिनगोळीची."

"गोळी म्हणजे?"

"शिट्टीच्या पोटात कॉर्कची गोळी असते. फुंकलं की ती नाचते, म्हणून आवाज थरथरतो. अशा शिट्टीला आम्ही नाचरी म्हणतो. पोरांच्या शिट्टीत गोळी घालतच नाहीत, ती सरळ वाजते."

"आणि ती मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवलीय," सून म्हणाली. "त्याच दिवशी."

"एकदा आणून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटा स्कूटरची किल्ली चाचपत निघाला.

*

आत्या बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

ती धाकट्याची थोरली बहीण. कारखान्यातलं पॅकिंग तीच बघते, आणि तिच्या हाताखालच्या बायकांना विचाराल तर कुणालाही न घाबरणारी बाई आहे. आज मात्र तिला डॉक्टरीणबाईंसमोर खरं बोलवलं नव्हतं. कारखान्यात शिट्ट्या तपासायचं यंत्र घ्यायचं की नाही यावरून गेल्या वर्षी जे भांडण झालं, त्यात ती आजोबांच्या बाजूने उभी राहिली आणि सून नवऱ्याच्या. त्यानंतर सहा महिने दोघी एकमेकींशी भिंतीला सांगितल्यासारखं बोलत होत्या. मग सून पुन्हा नोकरीवर जाऊ लागली आणि एके दिवशी तिनेच येऊन पोरगी आत्याच्या हातात दिली. "ताई, दुपारी तुम्ही बघाल? फक्त तोंडात घालायला काही देऊ नका, एवढं सांभाळा." आत्याला तेव्हा काय बोलावं सुचलं नव्हतं. मान हलवली आणि पोरीला घट्ट धरलं.

आणि तिसऱ्याच दुपारी, तो बुधवार होता, पिपाणीने रडून घर डोक्यावर घेतलं. खुळखुळा नको, बाहुली नको. आत्याने कपाट उघडलं, वरच्या खणातून शिट्टी काढली. बिनगोळीचीच तर होती! पोरगी गप्प झाली, हिरड्यांनी शिट्टी चावत बसली. थोड्या वेळाने ठसका लागला. मोठा ठसका. ओठ निळसर झाल्यासारखे वाटले, का उजेड तसा होता? आत्याने पाठ थोपटली, पोरगी खोकली, रडली, शांत झाली, झोपली. शिट्टी जागेवर गेली.

'लाळेचा ठसका होता,' आत्या मनात म्हणाली. तीन आठवडे ती हेच म्हणत होती. रिकाम्या शिट्टीतून काय जाणार आहे? हवा? आणि सांगायचं तर काय सांगायचं? जे देऊ नका म्हणालीस तेच दिलं? सून पुन्हा कधी पोरगी हातात देणार नव्हती. उगाच भूल देतील, त्या एवढ्याशा जिवाला, माझ्या बोलण्यावरून. आणि नाही सांगितलं तर?

शेजारी आजी येऊन बसली. "काय गं, पांढरी पडलीस?"

"चहा नाही झाला सकाळी."

"तरी मी म्हणते, हा घराण्याचाच आवाज आहे. डॉक्टर लोकांना काय, वाजलं की उघडून बघायचं असतं."

"आई, जरा गप्प बस ना गं," आत्या म्हणाली, आणि आजी खरंच गप्प बसली, इतका तिचा आवाज वेगळा आला.

*

आजोबा खिडकीशी उभे होते. बाहेर रुग्णवाहिका पुसत असलेल्या माणसाकडे त्यांची नजर होती, पण दिसत होते ते दोन ट्रे.

परीक्षकाच्या स्टुलावर ते त्रेचाळीस वर्षं बसले. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक शिट्टी त्यांनी फुंकून, ऐकून सोडली. हात थरथरायला लागले, डोळे अधू झाले, पण कान शाबूत होते. तरी वाढदिवसाच्या आठवडाभर आधी धाकट्याने पुन्हा जेवताना, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "बाबा, आता पुरे. तपासणीचं यंत्र आणू." त्यांनी मनाशी ठरवलं, नातीची शिट्टी मी करणार आणि अशी करणार की बघत राहाल.

पण हात ऐकेनात. पत्रे जोडायचं झाळकाम जमलं नाही, दोनदा बोट भाजलं. शेवटी त्यांनी तयार शिट्टीच घ्यायची ठरवली. बाकावर दोन ट्रे शेजारी शेजारी असत, एकात गोळी घालायच्या बाकी असलेल्या आणि एकात झालेल्या. त्यांनी एक उचलली. नातीचा ओठ कापू नये म्हणून हवा बाहेर पडते त्या खाचेच्या कडा कानशीने घासल्या, खूप घासल्या, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. खाच थोडी रुंद झाली. होऊ दे, म्हणाले.

वाढदिवसाला सगळे गोल बसलेले. रिवाज असा की आजोबाने पहिली फुंक मारायची. त्यांनी मारली, आणि शिट्टी थरथरली. पुरती नव्हे, जेमतेम. नाचरी! पण फुगे, टाळ्या, आरडाओरडा, कुणाला कळलं नाही. आणि समोर धाकटा उभा. आत्ता म्हणायचं, की मी ट्रे चुकलो? यंत्र उद्याच आलं असतं. 'संध्याकाळी गुपचूप काढू गोळी,' असं म्हणून त्यांनी शिट्टी सुनेच्या हातात दिली. संध्याकाळी ती कपाटात गेली होती. वरच्या खणात, पोरीच्या हाताला लागणार नाही अशी. मग काय घाई होती?

पुढे पोरगी श्वास सोडताना वाजायला लागली तेव्हा घरात पहिल्यांदा कुणी ऐकलं असेल तर त्यांनीच. त्रेचाळीस वर्षांचे कान होते ते. कानांनी सांगितलं होतं की हा आपला आवाज नाही. पण शिट्टी तर कपाटात! मग सर्दीच असेल, कफ असेल, डॉक्टर बघतायत. आणि खरं सांगायचं तर त्यांना आता हेही खात्रीने सांगता येईना, की त्या दिवशी शिट्टी थरथरली की त्यांचा हात.

*

धाकटा एक वाजता परत आला. शिट्टी रुमालात गुंडाळून आणली होती, जणू काचेची होती.

"खणातच होती," तो सुनेला म्हणाला. मग त्याने तिथेच, वॉर्डच्या दाराबाहेर उभं राहून ती फुंकली.

एक लांब, सरळ, स्वच्छ आवाज गेला. आतून तीन पोरं रडायला लागली. एक नर्स धावत बाहेर आली. "अहो, दवाखाना आहे हा! मैदान आहे का?"

"सॉरी, सॉरी. पण ऐकलंत ना? सरळ! गोळी नाहीच हिच्यात."

"मी म्हटलंच होतं!" आजी उठली. "आता सांग त्यांना, पोरीला उगाच भूल नको. सोमवारपर्यंत औषधं देऊन बघा म्हणावं."

आत्याने पदराने चेहरा पुसला. तिला हसू की रडू कळेना. सुटले. आपल्या हातून काही झालं नाही. आता तर सांगायलाही हरकत नव्हती आणि सांगायची गरजही नव्हती. सून खुर्चीत मागे टेकली. गेले तीन दिवस ती टेकून बसली नव्हती.

"दे इकडे," आजोबा म्हणाले.

त्यांनी शिट्टी डोळ्याजवळ नेली. दिसेना म्हणून खाचेवरून बोट फिरवलं. मग स्वतः फुंकली, अगदी हळू, नर्सला ऐकू जाणार नाही इतकी. सरळ.

त्यांचा चेहरा बघून सून उठून उभी राहिली. "काय झालं, बाबा?"

"ही कपाटातून खाली आली होती का?"

"नाही. मी ठेवली तिथेच—"

"तुला नाही विचारत. कुणाच्या हातून पोरीकडे गेली होती का, एवढं सांगा. मी रागावणार नाही. रागवायला मला तोंड नाही."

आत्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती.

"बाबा, आता काय फरक पडतो?" धाकटा म्हणाला. "सरळ वाजतेय ती."

"तेच तर." आजोबांचा आवाज फाटला. "त्या दिवशी ती नाचली होती. मी फुंकली तेव्हा तिच्यात गोळी होती. मी ट्रे चुकलो. खाच घासून मोठी केली ती मीच. आता ती सरळ वाजते, म्हणजे गोळी बाहेर आली. मग गेली कुठे?"

"काहीतरीच काय!" आजी म्हणाली. "अहो, तुम्हाला भास झाला असेल. हात कापतो तुमचा—"

"हात कापतो. कान नाही कापत."

धाकटा त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला माहीत होतं? तीन आठवडे?"

"बुधवारी," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"वाढदिवसानंतरच्या बुधवारी. दुपारी. मी दिली तिला. फार रडत होती. मग ठसका लागला, ओठ निळे झाले होते. मला वाटलं लाळ... मला वाटलं रिकामी आहे..." ती सुनेकडे वळली. "मला वाटलं रिकामी आहे गं."

आजोबांच्या हातातून सुनेने शिट्टी हिसकून घेतली आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे धावत सुटली. तिची एक चप्पल वाटेत निघाली, ती तशीच राहिली.

*

दोन वाजता पोरीला आत नेलं. नेताना ती श्वास घेताना वाजत होती, सोडताना वाजत होती, आणि आईचा कुडता सोडायला तयार नव्हती. नर्सने एकेक बोट सोडवलं.

मग बाहेर नुसतं बसणं. धाकटा आजोबांवर ओरडला, मग आत्यावर, मग आजीवर, जिचा काही संबंध नव्हता. मग कोपऱ्यात जाऊन रडला. आजी आधी आजोबांची बाजू घेत होती, नंतर म्हणाली, "चाळीस वर्षं तुमचं हेच, तोंड उघडायचं नाही," आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसली. पाच मिनिटांनी उठून पुन्हा आजोबांशेजारी आली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिलाच कळत नव्हतं कुठे बसावं. रागावायचं कुणावर? ज्याने गोळी राहू दिली त्याने शिट्टी पोरीच्या हातात दिली नव्हती, जिने शिट्टी दिली तिला गोळी माहीत नव्हती. सून दारासमोर उभी होती, एका पायात चप्पल. आत्याने दुसरी चप्पल आणून तिच्या पायाशी ठेवली. सुनेने ती घातली, पण खाली पाहिलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क गळ्यात, आणि हातात एक छोटी पारदर्शक बाटली. तळाशी भिजून काळपट पडलेली, मटाराएवढी कॉर्कची गोळी.

"उजव्या नळीत होती. फुगली होती. निघाली. अजून दोन-तीन दिवस थांबायचं, मागे पू साठलाय, पण धोका टळला असं म्हणायला हरकत नाही." त्या एकेकाकडे बघत होत्या. "सोमवारपर्यंत थांबलो असतो तर मी हे म्हटलं नसतं. ज्यांनी कुणी सांगितलं, बरं केलं."

कुणी सांगितलं, ते कुणीच सांगितलं नाही.

*

संध्याकाळी वॉर्डमध्ये एका वेळी एकालाच सोडत होते. धाकटा जाऊन आला, आजी जाऊन आली. आत्या दारापर्यंत गेली, काचेतून बघितलं आणि परत फिरली. आजोबा दाराशी उभे राहिले ते तसेच, आत जाईनात, तिथून हलेनात. मनात त्यांनी स्टूल केव्हाच सोडलं होतं. यंत्र आणा, म्हणणार होते. उद्याच आणा.

सून पलंगाशी पाठमोरी बसली होती. पिपाणी गाढ झोपली होती, नाकाशी प्राणवायूची नळी, हाताला पट्टी. सून वाकून पोरीच्या तोंडाशी कान नेई, मग छातीशी, मग परत तोंडाशी. यंत्रांची टिकटिक, शेजारच्या पोराचं रडणं, आणि तिच्या स्वतःच्या कानात घुमणारं रक्त. पोरीचा श्वास वाजतोय की नाही, तिला काही केल्या कळेना.

"बाहेर का उभे आहात?" ती वळून न बघता म्हणाली.

आजोबांनी मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतेय. आत या." ते आले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ताईंनाही नाही. करेन की नाही, मला माहीत नाही. आत्ता मला काहीच कळत नाहीये. पण मला हिचा आवाज ऐकू येत नाहीये, आणि तुम्हाला येईल. ऐका."

आजोबा वाकले. गुडघे टेकायला त्यांना वेळ लागला. त्यांनी पलंगाचा कठडा धरला, हात थरथरत होता, मान मात्र स्थिर होती. डोळे मिटले.

"घेताना आहे," ते म्हणाले. "बारीक. जुनाच. आपला."

"आणि सोडताना?"

ते कितीतरी वेळ ऐकत राहिले. पोरीची छाती वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली.

"सोडताना काही नाही."

सुनेने कठड्यावरचा त्यांचा हात घट्ट पकडला, थरथर थांबेल इतका घट्ट.

"परत ऐका," ती म्हणाली.